बेडकाच्या रक्तातले बिऱ्हाडकरू

इतिहासाच्या अध्यापकाने बेडकावर बोलावे हे कित्येकांना विचित्र वाटेल. सनदा, बखरी, तह सोडून हा गृहस्थ डबक्याकाठी कशाला जाऊन बसला, असे कोणी विचारले तर त्याला बोल लावता येणार नाही. पण वाचकहो, एखादा जुना कागद हाती आला म्हणजे आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो. हा अस्सल की बनावट? याची नक्कल आधी कुठे छापून गेली आहे काय? यात आलेले दोन बाळाजी एकच, की वेगवेगळे? नेमके हेच प्रश्न शास्त्रज्ञ गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे बेडकाच्या रक्ताला विचारीत आहेत. बेडकाच्या रक्तात काही सूक्ष्म जीव बिऱ्हाड करून असतात. त्यांतला नवा कोणता आणि जुनाच वेगळ्या अंगरख्यात आलेला कोणता, हे ठरवण्याची ही हकीकत आहे. ती वाचताना मला तरी दप्तरखान्यात बसल्यासारखेच वाटले.

बेडूकच का, हे आधी सांगितले पाहिजे. बेडूक स्वस्त, हवा तितका मिळणारा, आणि त्याच्या अंगातले पडदे इतके पातळ की आतले रक्त वाहताना दिसते. १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि हार्वीला न सापडलेली रक्ताभिसरणाची कडी जोडून दिली. या माल्पिघीचे नाव ध्यानात ठेवा; तो पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर माणसाची तांबडी रक्तपेशी त्यांतले सात-साडेसात भाग व्यापते. बेडकाची लांबट पेशी बावीस-तेवीस. शिवाय माणसाच्या या पेशीत केंद्रक नसते, बेडकाच्या पेशीत ते अंड्यातल्या बलकासारखे मधोमध असते. घर मोठे आणि मांडणी ठरलेली. आत परका कोणी शिरला की बलक बाजूला सरकतो, आणि ते चटकन नजरेस येते.

या हकीकतीचे पहिले पक्के साल १८४३. त्या एकाच वर्षी युरोपात दोन माणसांनी बेडकाच्या रक्तातला एकच प्राणी पाहून त्याला दोन नावे दिली. एक बॉन शहरातला मायर, दुसरा पॅरिसमधला डेव्हिड ग्रुबी.

ग्रुबी हा मोठा गमतीचा मनुष्य. १८१० साली हंगेरीत गरीब ज्यू घरात जन्मला, व्हिएन्नात वैद्यक शिकला आणि नशीब काढायला पॅरिसला आला. गजकर्णासारख्या रोगांच्या मागे बुरशी असते हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. पुढे शोपँ, हाइन, जॉर्ज सांद अशा बड्या मंडळींचा तो वैद्य झाला, आणि त्याच्या चमत्कारिक औषधयोजनांच्या गोष्टी शहरभर पसरल्या. अशा या ग्रुबीला बेडकाच्या रक्तात एक चपटा, लांबट जीव दिसला. कडेला लाटेसारखा हलणारा पडदा, पुढे केसासारखे शेपूट, आणि अंगाला पीळ देत पेशींच्या गर्दीतून वाट काढण्याची रीत. आपल्याकडे सुतार लाकडाला भोक पाडताना गिरमिट फिरवतो ना, हुबेहूब तसे. ग्रीक भाषेत गिरमिटाला ‘ट्रायपॅनॉन’ आणि शरीराला ‘सोमा’ म्हणतात. ग्रुबीने नाव ठेवले ‘ट्रायपॅनोसोमा सँग्विनिस’, म्हणजे रक्तातला गिरमिट-अंगी.

मायरने मात्र त्याला अमीबाच्या कुळात घालून ‘अमीबा रोटॅटोरिया’ म्हटले होते, आणि ते ग्रुबीच्या काही महिने आधी. आता निवाडा कसा करायचा? प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनीअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून दुपदरी असतात. पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात त्यातलाच प्रकार. नियम असा की जातीचे जे नाव आधी छापले गेले ते टिकते. वंश चुकला असेल तर तेवढा बदलायचा आणि पहिल्या नाव ठेवणाऱ्याला कंसात बसवायचे. म्हणून आज तो जीव ‘ट्रायपॅनोसोमा रोटॅटोरियम (मायर, १८४३)’ असा ओळखला जातो. आडनाव ग्रुबीचे चालले, नाव मायरचे. दोघांच्या वारसांची समजूत काढल्यासारखा हा निकाल आहे, पण तो नियमानेच झाला.

नियम असला तरी आधीचे कागद वाचण्याची तसदी कोण घेतो? १८७१ साली एडविन रे लँकेस्टर या चोवीस वर्षांच्या तरुणाने बेडकाच्या रक्तात हाच लाटांचा पडदा असलेला जीव पाहिला आणि आपण नवा प्राणी शोधला अशा उत्साहाने त्याला ‘अंड्युलिना’ म्हणून टाकले. ग्रुबीचे टिपण अठ्ठावीस वर्षांचे जुने होते. ते त्याच्या डोळ्यांखालून गेलेले नव्हते. हा लँकेस्टर पुढे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा संचालक झाला. कार्ल मार्क्सच्या अंत्ययात्रेला जी मोजकी माणसे होती त्यांतही तो होता. ‘अंड्युलिना’ हा वंश इतिहासजमा झाला. परंतु त्याच टिपणात त्याने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवले होते: रक्तात दिसणाऱ्या लहानशा, टोकदार, विळ्यासारख्या कणांकडे. खरा तंटा पेटला तो या कणांवरून.

तंटा लाइप्झिगात सुरू झाला. १८८० साली तिथल्या युस्टुस गाउले या शरीरशास्त्रज्ञाने बेडकाचे रक्त कोमट करून पाहिले, तेव्हा तांबड्या पेशींतून बारीक बारीक ‘किडे’ बाहेर पडून चालू लागले. गाउलेने जाहीर केले की हे परके प्राणी नव्हेत. पेशीचेच भाग सुटून असे वळवळतात. विचार करा, केवढे हे विधान! ते खरे मानले तर शरीराचा प्रत्येक कण म्हणजे एक स्वतंत्र जनावर ठरायची वेळ. लँकेस्टरने १८८२ साली त्याला उत्तर दिले. त्याचा मुख्य मुद्दा साधा होता: पेशीचा तो नेहमीचा भाग असता तर सगळ्या बेडकांत सापडला असता, तो काहींत सापडतो, काहींत नाही, तेव्हा तो बाहेरून आलेला असला पाहिजे. त्याने त्या जीवाला विळ्यावरून ‘ड्रेपॅनिडियम’ असे नाव दिले.

पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. ‘ड्रेपॅनिडियम’ हे नाव दुसऱ्या कुठल्याशा जीवाला आधीच दिलेले निघाले. एका नावाचे दोन वंश चालत नाहीत. तेव्हा फ्रान्समधल्या लाबे याने १८९९ साली लँकेस्टरच्या सन्मानार्थ त्या वंशाला ‘लँकेस्टरेला’ म्हटले. आणि १८५० सालच्या एका फ्रेंच प्रबंधात शोसा नावाच्या वैद्याने हाच जीव क्षुद्र कृमी समजून ‘मिनिमा’ या नावाने नोंदवला होता, हेही उजेडात आले. तेव्हा आज पूर्ण नाव ‘लँकेस्टरेला मिनिमा’. ज्याने ‘अंड्युलिना’ लिहिताना जुना कागद पाहिला नव्हता, त्याच्या नावाच्या शेजारी दुसऱ्या जुन्या कागदाने कायमचे ठाण मांडले.

गाउलेला हसण्याचे मात्र कारण नाही. रंग देऊन पेशी रंगवण्याची चांगली रीत तेव्हा नव्हती. निळा व तांबडा रंग मिसळून परोपजीवीचे केंद्रक वेगळे उठवून दाखवण्याची रोमानॉव्हस्कीची पद्धत १८९१ ची, आणि गीम्साने ती आजच्या रूपात बसवली १९०४ च्या सुमारास. त्याआधी सारे बिनरंगी, पाण्यात पाणी पाहावे तसे. गाउलेच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर १८८० रोजी, अल्जीरियातील कॉन्स्टंटाईनच्या लष्करी रुग्णालयात लाव्हरान याने हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. त्यालाही कित्येकांनी हेच ऐकवले की तुला दिसतात त्या बिघडलेल्या रक्तपेशी आहेत. पेशीतली वस्तू पेशीची की परक्याची, हा वाद डबक्यातून असा थेट माणसाच्या खाटेपाशी आला. खारकोव्हचा डॅनिलेव्हस्की हे पुरते ओळखून होता. १८८० नंतरच्या दशकात त्याने बेडूक, सरडे, कासवे, पक्षी अशा एकेकाचे रक्त तपासले आणि १८८९ साली तुलनात्मक पद्धतीचा ग्रंथच लिहिला. एका प्राण्यात जे संशयास्पद दिसते ते दहा प्राण्यांत तशाच मांडणीने दिसले की संशय फिटतो. आम्ही कागदपत्रांच्या बाबतीत वेगळे काय करतो?

आता आपल्या देशाकडे वळू, कारण या गिरमिट-अंगी जीवाचे पुढचे प्रकरण इथेच घडले. १८७८ साली कलकत्त्यात टिमथी लुइस या शल्यवैद्याने उंदरांच्या रक्तात तसाच जीव पाहिला. उंदीर धडधाकट होते. बेडूकही त्यामुळे आजारी पडलेले कोणी पाहिले नव्हते. साहजिकच अशी समजूत झाली की हे भाडेकरू निरुपद्रवी आहेत. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स या घोडवैद्याने ‘सुर्रा’ नावाच्या रोगाने मरणाऱ्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा जीव पाहिला, आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरात घालून रोग उठतो हेही दाखवले, आणि रोगाचे मूळ तोच आहे असे लिहिले. वरिष्ठांनी ते मनावर घेतले नाही. बेडकाने आणि उंदराने दिलेली चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी इव्हान्सच्या घोड्याला अशी भोवली! इव्हान्स शंभर वर्षे जगला, १९३५ पर्यंत. आपले म्हणणे जगाने मान्य केलेले त्याने डोळ्यांनी पाहिले. इतके भाग्य फार थोड्यांना लाभते.

या प्रकरणात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे मरू लागली. चौकशीसाठी गेला जॉन हेन्री स्टील. पुढच्याच वर्षी, १८८६ साली, परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले त्याचा पहिला प्राचार्य तो हाच. स्टीलला खेचरांच्या रक्तात इव्हान्सचाच जीव दिसला. त्याने इव्हान्सचे नाव त्याला दिले, पण वंश लिहिला ‘स्पायरोकीटा’. स्पायरोकीट म्हणजे पीळदार तारेसारखे जंतू. त्यांचा आणि या जीवाचा काडीचाही संबंध नाही. पीळ दिसला म्हणून कूळ ठरवले. तीन वर्षांत तो योग्य वंशात आला आणि आज ‘ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी (स्टील, १८८५)’ असे लिहितात. परळच्या त्या प्राचार्याचे नाव जगभरच्या पशुवैद्यकीय पुस्तकांत कंसात का होईना बसले आहे, ते असे.

माणसावर पाळी आली १९०१ साली. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया नदीवरच्या एका बोटीच्या कप्तानाला ताप येत होता. फोर्ड या डॉक्टरला त्याच्या रक्तात वळवळणारे ‘किडे’ दिसले, पण ओळख पटेना. त्याने ते जोसेफ एव्हरेट डटनला दाखवले. डटनने ते ट्रायपॅनोसोम आहेत हे ओळखले आणि १९०२ साली ‘ट्रायपॅनोसोमा गॅम्बिएन्से’ हे नाव दिले. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा धनी हाच, हे लवकरच उघडकीस आले. साठ वर्षे बेडकांत, उंदरांत, घोड्यांत जमवलेली ओळख नसती तर ते नुसते किडेच राहिले असते. आणि डटनने काय करावे? १९०२-०३ च्या त्याच गॅम्बियाच्या मोहिमेत सहकारी टॉडबरोबर त्याने बेडकांचेही रक्त तपासले आणि त्यांतून दोन नव्या जाती वर्णन केल्या; त्यांतल्या एकीचे नाव ‘मेगा’, म्हणजे थोरली. माणसे मरत असताना बेडूक कशाला, असे मनात येते खरे. पण ज्या माणसाला शेजारचे सारे भाडेकरू ओळखता येतात, त्यालाच चोर ओळखता येतो. डटन १९०५ साली काँगोत, ज्या तापाचा अभ्यास करीत होता त्याच तापाने, वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. त्या तापाचा जंतू आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

विसाव्या शतकाच्या आरंभी तर नावांचा पाऊस पडला. वसाहतींत गेलेला प्रत्येक लष्करी डॉक्टर सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. नवा देश, नवा बेडूक, म्हणून नवी जात, असा हिशेब. त्यात काही भलतेच प्रकार झाले. बेडकाच्या पेशीत जंतूंची जुडी पोटात बाळगणारी अमीबा दिसते असे समजून लाबेने १८९४ साली ‘सायटअमीबा बॅक्टेरिफेरा’ असे नाव दिले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर कळले की तिथे अमीबाच नाही, नुसत्या जंतूंची पिशवी आहे. टॉडच्या नावाने पोर्तुगीज संशोधक फ्रांसा याने ‘टॉडिया’ नावाचा एक वंशच काढला. ते बेडकाच्या पेशीतले विषाणूचे ठाणे निघाले. नाव ठेवले, चित्र काढले, मोजमाप लिहिले, आणि प्राणीच नाही! मोडी वाचताना शाईचा डाग अक्षर म्हणून वाचावा आणि त्यावरून एखादा सरदार निर्माण करावा, तसे हे झाले. हसू येते, पण आमच्या क्षेत्रात असे सरदार कमी नाहीत, बरं का.

उलट दिशेची अडचण याहून कठीण. ट्रायपॅनोसोम एका रूपात राहत नाही. एकाच बेडकाच्या एकाच थेंबात कोणी रुंद पानासारखा, कोणी अरुंद फितीसारखा, कोणी जवळजवळ गोल. आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी मला जुन्या संग्रहातली एक रंगवलेली काचपट्टी दाखवली. मी मोठ्या आत्मविश्वासाने चार वेगळे प्राणी मोजून दिले. ते म्हणाले, “सर, तुम्ही १९०५ सालात असता तर चार जातींचे जनक झाला असता.” एकाच जीवाची बाल्यावस्था एक जात, प्रौढावस्था दुसरी, असे खरोखरच घडले. १९६५ साली अमेरिकेत डायमंड याने आणि १९७३ साली बार्ड्स्ली व हार्म्सेन या दोघांनी बेडकांच्या ट्रायपॅनोसोमांची अशी पुष्कळ नावे एकत्र तपासायला घेतली. रूप बदलते हे एकदा मान्य केल्यावर कित्येक जुन्या नावांचा आधारच डळमळीत झाला.

मग ओळखायचे कशावरून? एक उत्तर असे की तो जीव एका बेडकातून दुसऱ्यात कसा जातो ते पाहा. जर्मनीत नोलर याने १९१२-१३ च्या सुमारास दाखवले की पाणबेडकाच्या रक्तातले हे जीव जळवांतून पसरतात. ज्याचा प्रवास वेगळा तो प्राणी वेगळा, निदान तसे समजण्यास जागा आहे. या रीतीचे सर्वांत सुंदर उदाहरण कॅनडातले आहे.

१९०३ ते १९०५ च्या दरम्यान अमेरिकेत स्टेबिन्स याने दोन जातींच्या बेडकांच्या रक्तपेशींत केळ्यासारखे वाकलेले दोन परोपजीवी वर्णन केले आणि बेडकांच्याच नावांवरून त्यांना ‘कॅटेस्बियानी’ आणि ‘क्लॅमॅटी’ अशी नावे दिली. तेव्हा ते ‘हीमोग्रेगरिना’ या वंशात गेले. डॅनिलेव्हस्कीने हा वंश कासवातल्या परोपजीवीसाठी काढला होता. नव्वद वर्षे ते तिथेच पडून. टोरांटोच्या शर्विन डेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टारियोतल्या अल्गॉन्क्विन उद्यानात त्यांचा पाठपुरावा केला आणि १९९५ साली कॅटेस्बियानीचा सगळा जीवनक्रम छापला. ‘क्युलेक्स टेरिटॅन्स’ नावाचा एक डास आहे. त्याला बेडकाचे रक्त फार आवडते. डास बेडकाला चावतो, रक्ताबरोबर परोपजीवी त्याच्या पोटात जातो. तिथून तो डासाच्या उत्सर्जनाच्या नळ्यांत शिरतो आणि तिथे त्याची वाढ होते. त्या नळ्यांना म्हणतात ‘माल्पिघीच्या नळ्या’. भेटला ना आपला जुना माणूस! पुढे डास पुन्हा बेडकाजवळ जातो. पण या खेपेस चावण्याने काम होत नाही. बेडूक जीभ टाकतो, डास गिळतो, आणि गिळलेल्या डासातून परोपजीवी बेडकाच्या यकृतात पोचतो. तिथे त्याची वीण होऊन पिल्ले तांबड्या पेशींत उतरतात. डासाने बेडकाला खाल्ले आणि बेडकाने डासाला खाल्ले, तेव्हा कुठे याचा संसार पुरा झाला.

या जीवनक्रमाने त्याचे कूळच बदलले. यकृतात वाढणारा आणि गिळलेल्या कीटकातून येणारा असा ‘हेपॅटोझून’ नावाचा वंश १९०८ साली मिलरने उंदरांतल्या परोपजीवीसाठी काढला होता. तिथे उंदीर गोचिडीसारखी किरमे गिळतो. बेडकातला आपला जीव त्या घरातला निघाला. १९९६ साली टॉड स्मिथ यांनी हिशेब मांडून पुष्कळ जुन्या ‘हीमोग्रेगरिना’ मंडळींना ‘हेपॅटोझून’मध्ये हलवले. राहिला प्रश्न कॅटेस्बियानी आणि क्लॅमॅटी हे दोन की एकच. डास तोच, नळ्या त्याच, आकारही बराच सारखा. परंतु क्लॅमॅटी ज्या पेशीत शिरतो तिचे केंद्रक फोडून तुकडे करतो. कॅटेस्बियानी ते नुसते बाजूला सारतो. एक भाडेकरू भिंती पाडतो, दुसरा फक्त कपाट सरकवतो. पुढे आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली तेव्हा दोघे अगदी निकटचे भाऊ ठरले.

आनुवंशिक द्रव्य वाचण्याची ही रीत आता सर्वत्र चालते. बेडूक पकडायचा, रक्ताचा थेंब काचेवर पसरून वाळवायचा, गीम्साचा रंग द्यायचा, परोपजीवीची लांबी-रुंदी मोजायची. थोडे रक्त मद्यार्कात ठेवून त्यातल्या ठरावीक जनुकाचा अक्षरक्रम काढायचा आणि आधीच्या क्रमांशी ताडून पाहायचा. ज्या काचपट्टीवरून वर्णन केले ती संग्रहालयात जमा करायची, म्हणजे उद्या कोणालाही मूळ कागद मागवता येतो. याच रीतीने दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात नेदरलँड्स, कुक व स्मिट यांनी तीन जातींच्या भेकांतून २०१४ साली एक नवी जात वर्णन केली. (नेदरलँड्स हे इथे संशोधकाचे आडनाव, देशाचे नव्हे.) नाव ठेवले ‘हेपॅटोझून इक्सोक्सो’. झुलू भाषेत बेडकाला हाच शब्द आहे. त्यातला ‘क्स’ आपल्यासारखा न म्हणता, घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने जिभेचा टक् आवाज काढतो तसा काढतात. ग्रीक आणि लॅटिनच्या दप्तरात हा आवाज शिरला याचा मला आनंद वाटतो. २०१८ साली तिथल्याच छोट्या बेडकांतून आणखी तीन जाती आल्या. त्याच वर्षी युरोपातल्या बेडकांचे ट्रायपॅनोसोम जनुकांच्या आधारे पुन्हा तपासले गेले, तेव्हा ‘रोटॅटोरियम’ म्हणून एकाच नावाखाली नांदणाऱ्या मंडळींत एकाहून अधिक जाती निघाल्या. रूपे अनेक म्हणून नावे जास्त झाली होती. आता रूप एक म्हणून नावे कमी पडली.

केवळ जनुकांचे अक्षर वाचून जात ठरवावी, असे म्हणणारेही आता आहेत. मला ते पटत नाही. मोहोर पाहून सनद ओळखता येते, पण सनदेत काय लिहिले आहे ते वाचल्यावाचून इतिहास होत नाही. कोणता डास, कोणती जळू, यकृतात किती दिवस, हे कळले नाही तर आपल्याला फक्त पत्ता कळला, माणूस नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा तुटक असली तरी आहे. गोव्यात बाणावलीला १८८७ साली जन्मलेले फ्रोइलानु द मेलू यांनी पणजीच्या वैद्यक विद्यालयात राहून भारतीय पक्ष्यांच्या रक्तातले परोपजीवी १९३० नंतरच्या दशकात वर्णन केले. त्यांनी दिलेली काही नावे आजही चालतात. बेडकाच्या बाबतीत रशियन संशोधक बेरेस्त्नेव्ह याने १९०३ साली भारतीय बेडकांच्या रक्तातला एक नवा परोपजीवी जर्मन नियतकालिकात छापला. पुढे १९०५ च्या सुमारास श्रीलंकेत कास्तेल्लानी आणि विली यांनी मोठ्या भारतीय बेडकाच्या रक्तातील अशा जीवाला ‘हीमोग्रेगरिना बेरेस्त्नेफी’ हे नाव दिले. हा कास्तेल्लानी म्हणजे निद्रारोग्याच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ट्रायपॅनोसोम पाहणारा. आणि हा बेडूक म्हणजे पहिला पाऊस पडला की शेतात पिवळाधमक होऊन ओरडणारा, पिढ्यान्‌पिढ्या महाविद्यालयांत चिरला गेलेला आपला ‘राना टिग्रिना’. आता त्याचेही शास्त्रीय नाव बदलून ‘होप्लोबॅट्राकस टायगेरिनस’ झाले आहे.

म्हणजे इथे परोपजीवीच्या नावावर वंशाचा प्रश्न, आणि ज्याच्या अंगात तो राहतो त्याचे नाव बदललेले. आजच्या नियमाने ही नोंद पक्की करायची तर चित्र आणि मोजमाप यांवर भागणार नाही. श्रीलंकेतला बेडूक हवा, इकडच्या भातशेतातलाही हवा. दोघांच्या रक्ताच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहायच्या, जनुके ताडायची, आणि त्या शेतातले कोणते डास बेडकाला चावतात ते रात्री जाऊन पकडायचे. चिरफाडीचे तास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या आदेशानंतर थांबले हे योग्यच झाले. या कामाला बेडूक मारावा लागत नाही, थेंबभर रक्त घेऊन त्याला पुन्हा बांधावर सोडता येते. वनखात्याची परवानगी मात्र आधी काढली पाहिजे, आणि मृगाचा पाऊस चुकवून चालणार नाही.